न सारवलेली भिंत

आमच्या घरात कायदे दोनच होते. जेवणाआधी गळ्यातल्या लिंगाची पूजा, आणि गोठ्यातली उत्तरेची भिंत सारवायची नाही. पहिला कायदा लिंगायतांच्या सगळ्याच घरांत असतो. दुसरा माझ्या अव्वाने, म्हणजे आईने, मी बारा वर्षांचा असताना केला आणि तो का केला हे विचारायची सोय ठेवली नाही. पोळ्याला सगळं घर शेणामातीने सारवलं जायचं. गोठ्याच्या तीन भिंती अव्वा हात फिरवून गुळगुळीत करायची आणि चौथीकडे पाठ करून घमेलं उचलायची.

त्या भिंतीवर बायका होत्या. खुरप्याच्या टोकाने मातीत कोरलेल्या, वीतभर उंचीच्या, चौकटीत एकेक. आठ ओळी आणि ओळीत आठ. एक सूप पाखडत होती, एक विहिरीतून पाणी शेंदत होती, एक डोईवर भारा घ्यायला गुडघ्यात वाकली होती. कामं आपली रोजचीच, पण त्या सगळ्या नाचत होत्या. पाखडणारीच्या टाचा उचललेल्या, शेंदणारीच्या कमरेत असा बाक की दोर नुसता निमित्ताला. सहाव्या ओळीत एक चौकट रिकामी होती. ती का रिकामी, हेही विचारायची सोय नव्हती.

चित्र काढायला मी त्या भिंतीवर शिकलो. पुढे मुरुडच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो. नांदेडला शिक्षकांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा मी ती पाखडणारी मोठ्या कागदावर रंगवून पाठवली आणि पहिला नंबर आला. परीक्षकांनी विचारलं, हे कुठून सुचलं? मी म्हणालो, "कल्पनेतून." खोटं बोलायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा भलता समज व्हायला नको.

तर १९८२ साली लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादच्या पदरातून सुटून आम्ही स्वतःच्या चुलीला लागलो, गुलाल उधळला, आणि उधळून झाल्यावर लोकांच्या लक्षात आलं की नव्या जिल्ह्याला इतिहास लागतो. पाऊस त्या वर्षी तुटपुंजा झाला होता आणि पुढच्या वर्षी तर ऑगस्ट उजाडला तरी आमच्या हिवरगव्हाणात टँकरच येत होता. पण इतिहासाला पाणी लागत नाही. समिती नेमली गेली. तिचं नाव 'नवा जिल्हा इतिहास समिती' आणि तिचे प्रमुख प्राध्यापक अमृतराव नळेगावकर, नांदेडच्या प्रदर्शनातल्या परीक्षकांपैकी एक. माणूस विद्वान होता, तसा वाईट नव्हता, फक्त त्याला वाक्यं फार आवडायची.

उमरीच्या बाजूला एका बारवेत त्यांना शिलालेख सापडला होता. मेळंब नावाचं एक जुनं साम्राज्य होतं, पार गोदावरीपासून खाली तुंगभद्रेपर्यंत. त्या मेळंब राजांची राजधानी म्हणे आमचं हिवरगव्हाण. मुरुडपासून अडीच कोसांवरचं, दीडशे उंबऱ्यांचं, एसटीसुद्धा वळसा घालून जाते असं हिवरगव्हाण! मेळंबांनी इथे मंडप बांधला होता आणि त्याच्या भिंतींत कलावंतांनी नाचांचे दगड बसवले होते. नाचसुद्धा देवदेवतांचे नव्हेत. राज्यातल्या बायांच्या रोजच्या कामांतून त्यांनी नाच घडवले आणि ते दगडात उतरवले. असं दुसऱ्या कुणी केल्याचं ऐकिवात नाही, असं प्राध्यापक सांगायचे आणि सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. आता त्या मंडपाचा एक चिराही जागेवर नव्हता. ओढ्यापलीकडची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, तेवढं राहिलं होतं, आणि तेही उकरून सपाट झालेलं.

नव्या जिल्ह्याला वर्ष होणार, त्या दिवशी गावात फलक उभा करायचं ठरलं. चौकात सिमेंटचा चौथरा आणि त्यावर माणसाच्या उंचीची विटांची भिंत बांधून झाली. सरपंच माझे थोरले चुलते, गुरुबसप्पा. त्यांना आम्ही थोरले अप्पा म्हणायचो. रंगवायचं काम अर्थातच घरच्या मास्तराकडे आलं. मजकूर समितीने लिहून पाठवला होता, आणि कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी मी तो रंगवला. पिवळ्यावर निळी अक्षरं, एकही ओळ वाकडी नाही. दुपारी भाकरी खायला घरी आलो आणि अव्वाला कौतुकाने वाचून दाखवला.

"येथे मेळंब साम्राज्याची राजधानी होती. येथील जगप्रसिद्ध नृत्यमंडप परचक्रात उद्ध्वस्त झाला. त्याचा मागमूसही उरला नाही."

अव्वा भाकरी थापत होती. तिने हात थांबवला. "परचक्र म्हंजे काय रे?"

"बाहेरच्या शत्रूचा हल्ला. लुटालूट, मोडतोड."

"खोटं हाय," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

मी हसलो. शाळेची पायरीही न चढलेली माझी आई प्राध्यापकांना खोटं ठरवत होती.

"हसू नको इरूपा. तो मंडप म्या फोडलाय."

मग भाकरी उलटत, विस्तव मागे ओढत तिने सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात मुरुडच्या रस्त्याचं काम निघालं होतं. बायांनी बसून खडी फोडायची. दगड पांढरीतून गाडीने यायचे. त्यांत काळे फत्तर असायचे, तसे राखाडी, जरा मऊ, चित्रांचेही असायचे. चित्राचा दगड हातात आला की बाकीच्या बाया घाबरायच्या. कुणास ठाऊक कुठली देवी असेल! शेजारी केवळाबाई बसायची, आमच्या वाड्याच्या मागच्या आळीतली, मराठ्यांची. तिने पहिला दगड अव्वाच्या पुढ्यात सरकवला. म्हणाली, तुमचा देव तुमच्या गळ्यात हाय, तुमाला दगडाचं पाप लागत न्हाई, तुमी फोडा.

"आन् म्या घेतला," अव्वा म्हणाली. "ताठ्यानं घेतला. खरंच की, म्हनलं, माझा देव माझ्या गळ्यात. मग ह्या बाईनं दिला, त्या बाईनं दिला. चित्राचा दगड निघाला की सगळ्या म्हनायच्या, गौरम्माला न्या. एकूण एक माझ्याच हातनं फुटला. पर फोडायच्या आधी म्या बघून घ्यायची. ही पाखडती, ही पानी शेंदती. बाया म्हनायच्या, ही तर आपली मल्लम्माच हाय, बघ कशी कमरेवर हात ठिवून भांडती. हसायचो आन् फोडायचो. आन् बघितलेलं कुठंतरी ठिवावं लागतं की नाही? सांजेला घरी आले की भितीवर काढून ठिवायची."

त्या साली मी लातूरला मठाच्या बोर्डिंगात होतो. सुट्टीत आलो तेव्हा भिंत तयार होती आणि गोठा रिकामा होता. "मनाला आलं, काढलं," एवढंच तिने तेव्हा सांगितलं होतं. माझी आई, गुरुबसप्पांच्या घरातली विधवा भावजय, दुष्काळी कामावर खडी फोडायला बसली होती, हे मला अकरा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला आधी शिल्पांचं वाईट वाटलं नाही. आधी लाज वाटली. आपल्या घरची बाई खडी फोडत होती, याची.

थोरले अप्पा ओसरीवर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले तशी अव्वाने पदर पुढे ओढला. भायासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, ती कधी बोलत नसे. काही सांगायचं झालं तर माझ्या तोंडाने, नाहीतर खांबाला उद्देशून.

"विरूपाक्ष, ही गोष्ट ह्या चुलीपुढंच ऱ्हाऊ दे," अप्पा म्हणाले. "उद्या माझ्या लेकीला, दानम्माला बघायला उदगीरचे लोक यायलेत. मोठी पेढी हाय त्यांची. आपल्या घरची बाई खडीवर होती म्हणून कळलं तर उंबऱ्यावरून परत जातील."

"इरूपा," अव्वा खांबाकडे बघत म्हणाली, "तुझ्या अप्पाला सांग, खडीवर बसले ते मला लाजिरवानं न्हाई. तिथं खोटं लिवायलेत ते लाजिरवानं हाय."

"तिला सांग, लिहिणाऱ्यांनी लिहिलंय. आपल्याला काय करायचंय?"

मी दोघांच्या मध्ये उभा होतो आणि दोघांनाही सगळं ऐकू येत होतं.

दुपारी चारच्या सुमारास प्राध्यापक नळेगावकर फलक बघायला आले. चहा आमच्याकडेच होता. अप्पा त्यांना ओसरीवर बसवणार, तेवढ्यात अव्वा मला म्हणाली, "पाव्हण्यांना भित दाखव." अप्पांनी डोळे मोठे केले. मी चाचरत म्हणालो, "सर, गोठ्यात जरा एक..." आणि ते उठलेच. विद्वान माणसाला गोठ्यात एक काहीतरी आहे म्हटलं की तो चहा सोडतो.

भिंतीपुढे ते किती वेळ उभे राहिले कोण जाणे. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बोटाने हवेत मोजायला लागले. आठ, सोळा, चोवीस. मोजून झाल्यावर तिथेच गव्हाणीच्या कडेला टेकले.

"चौसष्ट," ते म्हणाले. "शिलालेखात आकडा आहे. 'चौसष्ट कामें, चौसष्ट नाच.' तो मी अजून छापलेला नाही, मास्तर. समितीतही कुणाला सांगितलेला नाही. तुमच्या आईला तो कळणार कसा?"

कसा कळणार? गावातल्या सगळ्या बायांनी घाबरून आपापले दगड एकाच बाईच्या पुढ्यात सरकवले, म्हणून कळला. मी त्यांना खडीची सगळी हकीकत सांगितली. अप्पा दारात खोकत राहिले. प्राध्यापक ऐकत होते आणि त्यांची नजर भिंतीवरून फिरत होती. दुसऱ्या ओळीवर ती थांबली.

"ही पाखडणारी... ही तर तुमचं नांदेडचं चित्र! तुम्ही तर म्हणाला होता, कल्पनेतून."

मी जमिनीकडे बघितलं. अव्वाने माझ्याकडे बघितलं. तिला बक्षिसाचं माहीत होतं, पेढेही खाल्ले होते तिने. चित्र कुठलं ते मी सांगितलं नव्हतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"आणि ही रिकामी का?" प्राध्यापकांनी सहाव्या ओळीकडे बोट केलं.

अव्वाने त्या चौकटीवर तळहात ठेवला. मग परक्या माणसाशी बोलत असूनही सरळ त्यांच्याकडे बघून बोलली.

"मला एक लेक हुती. संगम्मा. दीड वर्साची. हगवण लागली, दोन दिवसांत गेली. तिला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी म्या खडीवर गेले, न जाऊन काय करते? त्या दिवशी एक चित्राचा दगड आला. म्या बघितलाच न्हाई. तसाच फोडला. कुठली बाई हुती, काय करत हुती, मला ठावं न्हाई. पर हुती. म्हणून चौकट ठिवली."

मला बोर्डिंगात पत्र आलं होतं, संगू तापाने गेली. मी तेव्हा रडलो होतो आणि संध्याकाळी आट्यापाट्या खेळलो होतो. आता गोठ्यात उभं राहून मला हुंदका आला आणि मी तो लपवला नाही.

प्राध्यापकांचाही आवाज ओला झाला होता. पण विद्वत्ता विद्वत्ताच असते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "बाई, हे अमोल आहे. पुस्तकात सगळी चित्रं घेऊ. ती एक जागा मास्तर भरून काढतील, त्यांची कल्पना चांगली आहे."

"न्हाई," अव्वा म्हणाली. "जे म्या बघितलं न्हाई ते ह्यानं कुठून बघितलं?"

"बरं, राहू द्या रिकामी. फलकाचं मात्र आता काही करता येणार नाही. मजकूर समितीने मंजूर केलाय. शिवाय लोकांना काय सांगायचं? साम्राज्याचा असा शेवट बरा दिसत नाही."

"कुनाचं परचक्र ते?"

"अं? इतिहासात असतंच हो एखादं."

"आमच्या गावात दोन घरं पिंजाऱ्यांची हायत," अव्वा म्हणाली. "मौलासाबनं त्या साली आमाला वाकळा दिल्या, खडीवर बसायला खाली घ्यायला. उद्या पोरं तुमचा फलक वाचतील आन् मौलासाबच्या दाराकडं बघतील. फोडलाव आमी, आन् नाव त्याचं?"

अप्पांना आता राहवलं नाही. "विरूपाक्ष, तिला म्हणाव, बास झालं! साहेब, बायकांचं काय मनावर घेता, चला, चहा गार व्हायलाय."

प्राध्यापक उठले. मग मऊ आवाजात, सौदा करणाऱ्या माणसासारखे म्हणाले, "चित्रं तर उतरवून घेऊ द्याल ना, बाई?"

"चित्रं बघायला कुनालाच ना न्हाई. ती माझी थोडीच हायत."

असं म्हणून ती गोठ्याच्या कोपऱ्याकडे गेली. उद्याच्या पाहुण्यांसाठी ओसरी सारवायची होती, त्यासाठी तिने सकाळी घमेल्यात शेणमाती भिजत घातली होती. टँकरच्या वाट्याच्या पाण्यातला एक तांब्या तिने त्यात ओतला, हाताने कालवलं आणि घमेलं कमरेवर घेऊन भिंतीकडे वळली.

"अहो बाई, थांबा!" प्राध्यापक ओरडले. चष्मा त्यांच्या हातातून गव्हाणीत पडला. अप्पासुद्धा पुढे झाले. मी तर भिंतीला पाठ लावून हात पसरून उभा राहिलो.

अव्वाने आमच्याकडे बघितलं, तोंडावर चक्क हसू होतं. "बाजूला सरक इरूपा, दार तिकडं हाय," ती म्हणाली आणि आमच्या मधून दाराबाहेर पडली.

ती भरदिवसा, डोईवरचा पदर खांद्यावर पडलेला, घमेलं घेऊन चौकाकडे चालली होती आणि मागे सरपंच, प्राध्यापक आणि चित्रकलेचा मास्तर अशी आमची वरात. पारावरची माणसं उठून उभी राहिली. ती चौथऱ्यावर चढली, शेणमातीचा लपका घेतला आणि माझ्या सुबक निळ्या अक्षरांवर हात फिरवला. रंग अजून पुरता वाळला नव्हता. 'परचक्रात' आधी गेलं, मग 'जगप्रसिद्ध', मग मेळंब साम्राज्यही. घरच्या भिंतीसारखं तिने ते सगळं गुळगुळीत सारवलं, कडेला बोटांची नक्षीसुद्धा काढली.

"गौरम्मा!" अप्पा ओरडले. आजवर तिला त्यांनी नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. "घराची अब्रू चौकात मांडायलीस?"

ती वळली. पदर सावरला नाही. पहिल्यांदाच भायाच्या डोळ्यांत बघून बोलली, आणि सगळं गाव ऐकत होतं.

"भाया, त्या साली तुमी लेकरंबाळं घेऊन उदगीरला सासरवाडीत हुता. मला म्हनलाव, घर संभाळ. घरात काय हुतं संभाळायला? इरूपाच्या बोर्डिंगात म्हैन्याला पायली जवारी जात हुती, ती मी खडीवरनं धाडत हुते. एक लेकरू जगवलं, एक जगलं न्हाई. त्या दगडाच्या बायांनी मला जवारी दिली. दीडशे घरची चूल त्यांनी पेटवली. आन् तुमी लिवता, कुनी दुश्मन आला आन् त्यानं त्यांना मारलं? मारलं आमी. खाल्लं आमी. आमाला त्याची लाज न्हाई, त्यांची आठवन हाय. अब्रू कशानं जाती, खडी फोडून का खोटं लिवून?"

एवढ्यात गर्दीतून केवळाबाई पुढे आली. अकरा वर्षांत ती फार वाकली होती.

"फोडले तिनं, पर दिले म्या," ती म्हणाली. "पाप लागू नये म्हणून दिले. तिच्या गळ्यात देव हाय म्हणून तिच्या पदरात टाकले. लिवायचं तर माझं बी नाव लिवा." आणि अव्वाजवळ जाऊन हळू म्हणाली, "तुझी लेक गेली तवा मला वाटलं, मीच लावलं ते पाप तुला. अकरा वर्सं झोप न्हाई मला, गौरम्मा." अव्वाने शेणाने भरलेल्या हातानेच तिला जवळ घेतलं.

आता सगळे माझ्याकडे बघत होते. ब्रश माझ्याकडे होता ना. अप्पा म्हणाले, "विरूपाक्ष, पुन्हा पिवळा दे आणि होतं तेच लिही. कलेक्टरसाहेब उद्या दहाला येतील." प्राध्यापक चष्मा नसलेल्या डोळ्यांनी सारवलेल्या भिंतीकडे बघत होते.

मला धैर्य आलं असं म्हणणार नाही. पण नांदेडच्या त्या बक्षिसाचं ओझं मला तेवढ्यात असह्य झालं. मी घरी जाऊन चुन्याचं डबडं आणलं आणि ओल्या शेणमातीवर पांढरं लिहायला सुरुवात केली. या खेपेला ओळी वाकड्या आल्या.

"येथील चौसष्ट नाचांचा मंडप आम्ही १९७२ च्या दुष्काळात फोडला. त्याची खडी मुरुडच्या रस्त्याखाली आहे. गौरम्मा. केवळाबाई." आणि खाली बारीक अक्षरात: "नांदेडच्या प्रदर्शनातले चित्र माझ्या कल्पनेतले नव्हते. विरूपाक्ष मास्तर." शेवटची ओळ तिथे शोभत नव्हती, हे मला कळत होतं. तरी लिहिली.

दुसऱ्या दिवशी कलेक्टरसाहेब आले, फलक वाचला, नारळ फोडायचा की नाही हे त्यांना कळेना. शेवटी न फोडताच गेले. उदगीरचे पाहुणेही आले. त्यांच्यातली म्हातारी लक्ष्मम्मा चौकातून वाचूनच आली होती. ओसरीवर बसल्या बसल्या तिने विचारलं, "खडीवर बसलेली ती कोण?" अप्पांचा चेहरा पडला. अव्वा पुढे झाली. म्हातारीने तिचे हात आपल्या हातात घेतले, तळवे उलटसुलट करून बघितले आणि म्हणाली, "मी कमालनगरला बसले होते, बाई. कुणाला सांगितलं नाही अजून." दानम्माचं लग्न मार्गशीर्षात झालं.

एवढ्यावर सगळं गोड झालं असतं तर मी ही गोष्ट लिहिली नसती. शेणमाती ती, पहिल्या पावसात ओघळली. मग समितीने पत्र्याचा, छापील फलक पाठवला. दोन खांब गाडून, बोल्ट कसून तो बसवला. त्यावर पुन्हा 'जगप्रसिद्ध' आणि पुन्हा 'परचक्रात'. प्राध्यापकांच्या पुस्तकात अव्वाची सगळी चित्रं आली, रिकामी चौकटसुद्धा. तिच्याबद्दलचं खरं वाक्यही आलं, पण तळटिपेत, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्यांनी प्रत पाठवली, सोबत पत्र होतं. लिहिलं होतं, माफ करा, एवढंच जमलं.

अव्वाने पुस्तक हातात घेतलं, पाखडणारीवर बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "त्या पत्र्यावर तो परचक्राचा शब्द कुठला, दाखव." मी चौकात नेऊन दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने जागा ध्यानात ठेवली. दुसऱ्या ओळीत, डावीकडून चौथा. त्या पोळ्याला तीन भिंती सारवून झाल्यावर उरलेली शेणमाती घेऊन ती चौकात गेली आणि त्या एका शब्दावर हात फिरवून आली. पावसाने धुतला की पुन्हा. कुणी तक्रार केली, ग्रामसेवक समजवायला आला. ती म्हणाली, "आमच्या सणाची सारवण हाय बाबा, तुमच्या कायद्यात बसत न्हाई का?" तो चहा पिऊन गेला. केवळाबाई होती तोवर घमेल्याला एक हात तिचा असायचा.

अव्वा जाऊन नऊ वर्षं झाली. आमच्या रीतीप्रमाणे तिला बसवून माती दिली, तळहातावर लिंग ठेवून. थोरले अप्पा तेव्हा नव्वदीला आले होते. त्यांनी खड्ड्यात उतरून तिचा पदर डोक्यावरून नीट केला आणि काठावर येऊन रडले.

पत्रा आता गंजलाय. बाकीची अक्षरं उडत चाललीत, तो शब्द मात्र शेणमातीने झाकून झाकून शाबूत राहिलाय, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. उघडा पडला तर अजूनही वाचता येईल. म्हणून हयगय करून चालत नाही. आज पोळा. सकाळी गोठ्याच्या तीन भिंती सारवल्या, चौथीपुढे जरा उभा राहिलो. सहाव्या ओळीतली चौकट अजून रिकामी आहे. आता घमेल्यात शेणमाती उरलीय, आणि मी चौकात निघालोय.